टॅक्सीवाल्यांचा मेंदू
लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायची, तर चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ हवेत. त्यासाठीच्या परीक्षेच्या तयारीतच तीन-चार वर्षं जातात. मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली या चालकांच्या मेंदूचे एमआरआय तपासले, तेव्हा स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. मुळात तसा मेंदू असणारेच या धंद्यात येत असतील, ही शंका रास्तच. म्हणून पुढे उमेदवारांनाच सुरुवातीपासून तपासलं. २०११ सालच्या निष्कर्षात वाढ दिसली ती फक्त परीक्षा पास झालेल्यांत. ठरावीक मार्गावरच्या बसचालकांत असा फरक नव्हता. फुकट मात्र काही नाही: टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग लहान निघाला, आणि गुंतागुंतीची आकृती पाहून नंतर आठवणीने काढण्यात ते बसचालकांच्या मागे पडले.