शरीरातल्या उपऱ्या वस्तू (लेखांक 9) : सिलिकॉनची पिशवी

सिलिकॉनचे स्तन-इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्याच रबराची पिशवी आणि तिच्यात भरलेले सिलिकॉनचे जेल. संगणकाच्या चिपमधले सिलिकॉन हे मूलद्रव्य. मराठीत दोन्हींना एकच शब्द रुळला असला तरी इम्प्लांटमधले सिलिकॉन वेगळे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू आळीपाळीने गुंफून त्याच्या लांबलचक साखळ्या तयार होतात. साखळ्या सुट्या राहिल्या तर तेल, थोड्या सांधल्या तर जेल आणि घट्ट सांधल्या तर रबर. पिशवी आणि आतला ऐवज एकाच कुळातले असल्यामुळे जेलमधले लहान रेणू पिशवीतून हळूहळू पाझरतात. नव्या पिशव्यांत मध्ये एक वेगळा थर घालतात. त्याने पाझर बराच कमी झाला, पण बंद झालेला नाही.

हे इम्प्लांट प्रथम बसवले गेले 1962 साली, अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या शल्यविशारदांनी डाऊ कॉर्निंग कंपनीच्या मदतीने ते घडवले होते. वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणारा कायदा अमेरिकेत आला 1976 मध्ये, आणि त्याने आधीपासून बाजारात असलेल्या वस्तूंना तूर्त मोकळे सोडले. कंपन्यांकडे सुरक्षिततेचा पुरावा मागितला जाईपर्यंत 1991 साल उजाडले. पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ या तीन दशकांच्या ढिलाईत आहे.

दरम्यान सांधेदुखी, सततचा थकवा, शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटण्याचे आजार अशा तक्रारी घेऊन अनेक स्त्रिया न्यायालयात गेल्या होत्या. जानेवारी 1992 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे प्रमुख डेव्हिड केसलर यांनी वापर थांबवायला सांगितले. एप्रिलपासून कर्करोगानंतरची स्तनरचना आणि वैद्यकीय चाचण्या यांपुरतीच मुभा उरली. 1995 मध्ये दाव्यांच्या ओझ्याखाली डाऊ कॉर्निंगने दिवाळखोरी जाहीर केली. पद्धतशीर मोजणी सुरू झाली ती या धामधुमीत. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 1994 मध्ये इम्प्लांट असलेल्या 749 स्त्रियांची तुलना इम्प्लांट नसलेल्या स्त्रियांशी केली. अशा आजारांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. 1999 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळा उपलब्ध पुरावा चाळून तोच निष्कर्ष काढला, आणि खरा धोका इम्प्लांटच्या जागीच असतो असे बजावले. नोव्हेंबर 2006 मध्ये बंदी उठली.

जागीच होणारा त्रास किरकोळ नसतो. परकी वस्तू बाहेर टाकता येत नाही म्हणून शरीर तिच्याभोवती तंतुमय ऊतीचे कवच विणते. हे प्रत्येकीच्या बाबतीत घडते आणि बहुतेक वेळा ते पातळ, मऊ राहते. काहींमध्ये मात्र ते जाड होऊन आकसते. मुठीत चेंडू आवळावा तशी आतली पिशवी आवळली जाते, स्तन टणक होतो, वर सरकतो, दुखू लागतो. मग पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पिशवी फाटली तर हेच कवच जेल अडवून धरते, त्यामुळे आकार बदलत नाही, दुखतही नाही आणि फाटल्याचे कळतच नाही. मॅमोग्राफीत हे सहसा निसटते, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी अल्ट्रासाऊंड किंवा एमआरआय तपासणी करावी, असे अमेरिकी प्रशासन सांगते. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही, ही गोष्ट शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगितली गेली पाहिजे.

वस्तूला मान्यता मिळाली तरी बनवणारा प्रामाणिक असेलच असे नाही. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने वैद्यकीय जेलऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन भरलेली इम्प्लांट जगभर विकली. मार्च 2010 मध्ये फ्रेंच निरीक्षकांनी हा प्रकार उघडकीस आणला. तोवर ती सुमारे तीन लाख स्त्रियांच्या शरीरात पोचली होती. या पिशव्या इतरांपेक्षा जास्त फाटत होत्या. संस्थापक जाँ-क्लोद मास यांना 2013 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. स्त्रियांना मात्र पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावे लागले.

दुसरा धोका उशिरा उमगला. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवतीच्या कवचात क्वचित लिम्फोमा होतो. हा स्तनाचा कर्करोग नव्हे, प्रतिकारपेशींचा आहे. अमेरिकी प्रशासनाने त्याची पहिली सूचना 2011 मध्ये दिली. जुलै 2019 पर्यंत जगभरातून 573 रुग्ण आणि 33 मृत्यू नोंदले गेले, आणि अ‍ॅलर्गन कंपनीने आपली खरखरीत बायोसेल इम्प्लांट बाजारातून मागे घेतली. हा आजार वेळेत ओळखला तर इम्प्लांट आणि कवच पूर्ण काढून बहुधा बरा होतो.

थकवा, विस्मरण, अंगदुखी ही जुनी तक्रारही मिटलेली नाही. तिची खात्रीची चाचणी नाही. इम्प्लांट काढल्यावर काहींना बरे वाटते. 2021 पासून अमेरिकेत रुग्णेला सही करण्यापूर्वी द्यायच्या माहितीत तिचा उल्लेख सक्तीचा आहे. चाचणीत सापडत नाही म्हणून 'मनाचे खेळ' म्हणून ती बाजूला सारणे हे वैद्यक नव्हे.

स्तनाच्या कर्करोगानंतर वा अन्य कारणाने इम्प्लांट बसवलेल्या प्रत्येक स्त्रीने कंपनीचे नाव, प्रकार आणि क्रमांक असलेले कार्ड जपून ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली तर ती मुका मार समजून सोडून देऊ नये. आत साठलेले पाणी सुईने काढून लिम्फोमासाठी, सीडी-30 चाचणीसह, तपासून घ्यावे.