परदेशात कार्ड चालेल, पण ओटीपी कुठे येईल?

ऑनलाइन पेमेंटच्या पडताळणीबाबत रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ एप्रिल २०२६पासून लागू झाले. चर्चा झाली ती एसएमएसवरचा ओटीपी जाणार की राहणार, एवढीच. तो राहणार आहे. सोबत दुसरे पर्याय द्यायला बँकांना वाव मिळाला आहे. याच नियमांतली १ ऑक्टोबरची मुदत मात्र झाकोळून गेली. परदेशी विक्रेत्याने जादा पडताळणी मागितली, तर ती करण्याची सोय भारतीय बँकांना तोवर उभी करायची आहे. आजवर नुसत्या कार्ड क्रमांकावर आणि सीव्हीव्हीवर पार पडणाऱ्या अनेक परदेशी व्यवहारांत आता भारतातला मोबाइल नंबर लागू शकतो. फसवणूक रोखायला हे हवंच होतं. पण मुलाकडे सहा महिने अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांनी किंवा वर्षभराच्या कामासाठी जर्मनीला जाणाऱ्या इंजिनीअरने पहिल्याच्या जोडीचं दुसरं कार्ड निवडताना विचार इथूनच सुरू करायला हवा.

आपल्याकडे कार्डाची निवड होते ती लाउंज, पॉइंट आणि फॉरेक्स मार्कअप पाहून. मार्कअपचं महत्त्व मी नाकारत नाही. साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर लाखाच्या खर्चामागे ४,१३० रुपये जातात. रोजच्या वापराचं कार्ड त्या हिशेबानेच घ्यावं. जोडीच्या कार्डाची कसोटी वेगळी आहे. पहिलं ज्या कारणाने अडेल, त्याच कारणाने दुसरं अडता कामा नये.

१ जून २०१८ रोजी ब्रिटनमधल्या डेटा सेंटरमधल्या एका स्विचमध्ये बिघाड झाला आणि युरोपभर व्हिसाचे सुमारे ५२ लाख व्यवहार फसले. खिशात दोन बँकांची दोन कार्डं, पण दोन्ही व्हिसाची, अशा प्रवाशाला त्या दिवशी दुसऱ्या कार्डाचाही भरवसा नव्हता. मास्टरकार्ड चालू होतं. सप्टेंबर २०२४पासून मोठ्या बँकांना नवं कार्ड देताना नेटवर्कची निवड ग्राहकावर सोडावी लागते. ही निवड मागून घ्या: एक व्हिसा, एक मास्टरकार्ड. अमेक्स, डायनर्स किंवा रुपे तिसरं म्हणून जरूर असावं. छोट्या गावातल्या दुकानात त्यांची तेवढी खात्री देता येत नाही.

बाबांच्या कार्डावर आईला अ‍ॅड-ऑन कार्ड काढलं की दोन कार्डं झाली, असं अनेक घरांत मानलं जातं. ते खरं नाही. खातं एकच, मर्यादा एकच, आणि बऱ्याच बँकांत ओटीपीसुद्धा बाबांच्याच फोनवर. आईच्या नावाने वेगळ्या बँकेचं स्वतंत्र कार्ड हवं. निवृत्तीनंतर उत्पन्नाच्या अटीत ते बसत नसेल, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्यावं. ते घ्यायला लोक कमीपणा मानतात, हे मला पटत नाही. आईच्या नावावरची ठेव आणि तिच्या नावाचं कार्ड, याहून भक्कम सोय नाही. मर्यादा मात्र बेताची नको. हॉटेल किंवा भाड्याची गाडी घेताना अनामत म्हणून मोठी रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. गाडीसाठी बहुधा चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. तिथे प्रीपेड फॉरेक्स कार्ड सहसा चालत नाही.

आता फोन. तिकडचं सिम घातल्यावर इथलं सिम पाकिटात जातं, रिचार्ज राहून जातो, नंबर बंद पडतो आणि काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग दोन्ही कार्डं शाबूत असूनही ऑनलाइन तिकीट काढता येत नाही. फोन चोरीला गेला तर अनेक बँकांचं अ‍ॅप नव्या फोनवर जुन्या सिमशिवाय उघडतच नाही. म्हणून दोघांची कार्डं दोघांच्या वेगवेगळ्या नंबरांना जोडलेली असावीत, दोन्ही नंबर रोमिंगसह चालू असावेत. ईमेलवर ओटीपी येतो का, अ‍ॅपमधून मंजुरी देता येते का, हे बँकेला निघण्याआधी विचारावं. माझ्या मते दुसऱ्या कार्डाची बँक ठरवताना याच उत्तराला सर्वांत जास्त वजन द्यावं. परदेशी व्यवहारांचं बटणही इथेच चालू करून घ्यावं; २०२०च्या नियमानुसार नव्या कार्डावर ते बंदच असतं.

आणखी एक नियम लांबच्या मुक्कामात आड येतो. वर्षभराहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँक सुरू करते आणि सूचनेला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर खातं बंद होतं. तेव्हा राखीव कार्डावर महिन्या-दोन महिन्यांनी दूध-भाजीचं एखादं बिल द्यावं, आणि त्याची पूर्ण रक्कम बचत खात्यातून आपोआप वळती होईल, असा अर्ज निघण्यापूर्वीच भरून द्यावा.