घरीं लॅब्राडोर आणावा काय?

गेल्या महिन्यांत माझ्या तेरा वर्षांच्या नातवानें घरांत एक प्रश्न टाकला आणि मग आठ दिवस दुसरा विषय निघेना. त्याला लॅब्राडोर जातीचें पिलूं हवें होतें. शेजारच्या इमारतींतील कुत्रा गोड आहे, शांत आहे, कोणावर भुंकत नाहीं, हा त्याचा युक्तिवाद. मीं इतकेंच विचारलें, "बाळ, तो कुत्रा किती वर्षांचा?" उत्तर आलें, "नऊ." घोटाळा येथेंच आहे. नऊ वर्षांचा म्हातारा पाहून आपण दोन महिन्यांचें पिलूं आणतों. मधलीं वर्षें ध्यानांत घेत नाहीं.

या जातीचा पेशा समजल्यावांचून तिचा स्वभाव समजत नाहीं. नांव लॅब्राडोर असलें तरी तिचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांचे कुत्रे. थंडगार समुद्रांत उडी घालून दोर ओढावा, जाळ्यांतून निसटलेला मासा धरून आणावा, हें त्यांचें काम. एकोणिसाव्या शतकांत ते विलायतेंत आले आणि बक्लूचे ड्यूक, माम्सबरीचे अर्ल अशा सरदारांनीं शिकारीकरितां त्यांची पैदास जोपासली. १९०३ सालीं तेथील केनेल क्लबानें ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. बंदुकीनें पाडलेला पक्षी झुडपांतून, दलदलींतून हुडकून, दांत रुतूं न देतां धन्याच्या हातीं द्यावयाचा, आणि हें दिवसभर न थकतां करावयाचें!

आपल्या सदनिकेंत पक्षी कोठून येणार? परंतु कुत्र्याच्या पायांना व तोंडाला तें ठाऊक नसतें. मग चपला, पायपुसणें, आजोबांचें वर्तमानपत्र यांचीच शिकार होते. याला खोडसाळपणा म्हणूं नये. चेंडू फेंकून तो आणून देण्यास शिकविलें, म्हणजे त्याच शक्तीला वळण लागतें. मात्र प्रौढ लॅब्राडोरला रोज सुमारें दोन तासांची रपेट लागते. लहान पिलास इतकें दामटूं नये. या जातींत खुब्याचे व कोंपराचे सांधे बिघडण्याचा दोष आढळतो, म्हणून त्यास जिने फार चढउतार करावयास लावूं नयेत.

हें मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाहीं. नोकरींत असतांना मीं एक असाच कुत्रा पाळला होता. आम्हीं दोघेंही सकाळीं बाहेर पडत असूं. तो आठ आठ तास एकटा. त्यानें दार कुरतडलें, शेजाऱ्यांनीं तक्रार केली, आणि मीं काय केलें? त्यास बांधून ठेवलें. वर्षभरानें एका परिचिताच्या शेतावर त्याला सोडून आलों. फाटकाशीं उभा राहून तो माझ्याकडे पाहत होता, तें आजही विसरलों नाहीं. कुत्रा वाईट नव्हता. माझें घर त्याच्या जोगतें नव्हतें, आणि तें आणण्यापूर्वीं ठरविणें माझें काम होतें.

दुसरी गोष्ट हवेची. थंड पाण्यासाठीं घडलेली याची दुपदरी लव वर्षभर गळते. ज्या घरांत सोंवळेंओंवळें किंवा दमा आहे, त्यांनीं याचा विचार करावा. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. तो धापा टाकून अंग निववितो, आणि मुंबईच्या दमट हवेंत तो उपाय तोकडा पडतो. चैत्र-वैशाखांत सूर्योदयापूर्वींच फिरवून आणावें. फरशीवर आपला तळहात ठेवून पाहावा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पायांनाही बसतो.

आणि भूक! २०१६ सालीं केंब्रिजच्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, सुमारें चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडोरांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो व त्यामुळें त्यांची भूक अधिक खवळते. त्याच्या केविलवाण्या डोळ्यांना भुलून आजी पोळी टाकतात, पाहुणे बिस्किट देतात, आणि तीस किलोचा कुत्रा चाळीस किलोंचा होतो. प्रसादांतील मनुका, कांदा, चॉकलेट हीं तर त्यास विषासमान. लस, वैद्य, महापालिकेचा परवाना यांचा खर्च ज्यानें त्यानें आधीं मांडून पाहावा.

लॅब्राडोर दहा-बारा वर्षें जगतो. म्हणजे तो थकेल तेव्हां नातू पंचविशीच्या घरांत असेल, बहुधा परगांवीं. मी असेन कीं नाहीं कोणास ठाऊक. त्याचें सर्व मग सुनेच्या गळ्यांत. म्हणून तिला प्रथम विचारलें. ती म्हणाली, "मामंजी, सकाळची फेरी मी घेणार नाहीं." हें उत्तर मला फार प्रामाणिक वाटलें.

तेव्हां नातवाशीं करार केला. कुत्रा नाहीं, नुसती रिकामी साखळी हातांत घेऊन महिनाभर सकाळीं एक तास व संध्याकाळीं एक तास माझ्याबरोबर चालावयाचें. पाऊस असो, परीक्षा असो. पहिल्या आठवड्यांत लोक आम्हांला हंसले. आज अकरावा दिवस. पहांटे पावसाची झड होती. मी मुद्दामच अंथरुणांतून हललों नाहीं. साडेपांचाला दाराशीं साखळी वाजली.