उधारीची वसुली आणि वकिलाचे दफ्तर

उधारीशिवाय कापडाचा धंदा चालत नाही. यंत्रमागवाला सूत उधार घेतो, ठोक व्यापारी ठाण उधार देतो, शिलाईवाला तयार माल देऊन महिनाभर थांबतो. ही साखळी एका जागी तुटली की मागच्या सगळ्यांची रक्कम अडकते. अशा वेळी आपले बरेच बांधव चकरा मारत राहतात, नाहीतर नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. वकिलाकडे जातात ते सर्वांत शेवटी, आणि तोवर कायद्याची मुदत निघून गेलेली असते. म्हणून वकिलांची फर्म व्यापाऱ्यासाठी नेमके काय करते आणि तिला आपल्याकडून काय लागते, हे आज पाहू.

दाव्याच्या कामाचे दोन भाग असतात: कागद लावणे आणि कोर्टात बोलणे. मुंबई हायकोर्टात पूर्वी ही कामे दोन वेगळी माणसे करीत. सॉलिसिटर अशिलाचे ऐकून कागद तयार करी आणि बॅरिस्टर जज्जासमोर बोले. तय्यबअली या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या घरात हे दोन्ही पेशे आले. थोरले कमरुद्दीन तय्यबजी 1858 साली पहिले हिंदी सॉलिसिटर झाले. धाकटे बद्रुद्दीन 1867 साली बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले आणि 1895 साली हायकोर्टाचे जज्ज झाले. आज एकच फर्म दोन्ही कामे करते, पण क्रम तोच आहे. कागद कच्चा असेल तर बोलणारा कितीही मोठा असो, त्याचे काही चालत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मुळशी तालुक्यातल्या रिहे गावी आपल्या एका भावाने शाळेचे गणवेश शिवून पुण्याच्या दुकानदाराला दिले. दीड लाखाचा चेक मिळाला. पौडच्या बँकेत भरला, तो परत आला. येथून घड्याळ सुरू होते. बँकेकडून 1 जूनला खबर मिळाली असेल तर 30 दिवसांत, म्हणजे जून संपण्याआधी, लेखी नोटीस गेली पाहिजे. दुकानदाराला ती 5 जुलैला मिळाली तर पैसे भरायला त्याला 15 दिवस, म्हणजे 20 जुलैपर्यंत वेळ आहे. त्याने भरले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात, 20 ऑगस्टपर्यंत, कलम 138 खाली फिर्याद दाखल व्हावी. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडे माफी मागता येते. नोटिशीची मुदत चुकली तर तशी माफी नाही. मात्र चेकची 3 महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकून नवी नोटीस देता येते.

फिर्याद कुठे करायची? 2014 साली दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले की चेक देणाऱ्याची बँक जिथे असेल तिथेच खटला चालेल. त्यामुळे माल देणाऱ्यालाच परगावी धावावे लागले. 2015 साली संसदेने कायदा बदलला. आता आपले खाते ज्या शाखेत आहे, त्या हद्दीतल्या कोर्टात फिर्याद होते. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2018 पासून खटला चालू असतानाही आरोपीकडून चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम देवविण्याचा अधिकार कोर्टाला आहे.

चेकच नसेल तर दिवाणी दावा. लेखी करार, हुंडी किंवा वचनचिठ्ठी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली जलद दावा करता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव मांडण्यासाठीही आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. विकलेल्या मालाच्या रकमेसाठी मुदत 3 वर्षांची आहे. ती संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी कबूल करून सही दिली तर मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून दर वर्षी खाते मिळवून सही घेण्याची जुनी रीत सोडू नका.

व्यापारी स्वरूपाचा दावा 3 लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर तो व्यापारी न्यायालयात जातो. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करणे सक्तीचे आहे. पाटील ऑटोमेशन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2022 साली हे पक्के केले. मध्यस्थी टाळून केलेला दावा फेटाळला जातो.

छोट्या कारखानदारांना व कारागिरांना 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आणखी एक दरवाजा आहे. लघुउद्योगाचे पैसे करार असला तरी 45 दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत, आणि तक्रार सुविधा परिषदेकडे नेता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. या तक्रारीचा हक्क तिच्यातून मिळत नाही.

व्याजाचा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. वकील सवयीने दाव्यात व्याज मागतो. ज्यांना सूद नको, त्यांनी दावा लिहिण्याआधीच सांगावे की फक्त मुद्दल आणि खर्च मागा. शंका असेल तर मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावे. पण सूद नको म्हणून मुद्दलही सोडून देण्याचे कारण नाही.

वकिलाकडे जाताना बिल, पोच घेतलेले चलन, ई-वे बिल, खात्याचा उतारा, परत आलेला चेक आणि बँकेचा मेमो न्या. मोबाईलवरचे संदेश पुराव्यात चालतात, पण सोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते. म्हणून संदेश पुसू नका. भावाभावांची भागीदारी असेल तर तिची नोंदणी करा. 1932 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेली फर्म करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावू शकत नाही. फी किती, कोणत्या टप्प्यावर, हे लिहून घ्या. आणि पहिल्याच भेटीत विचारा की देणेकऱ्याकडे जप्त होण्यासारखे काय आहे? कारण हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नाही. त्यासाठी पुन्हा दरखास्त करावी लागते.

उर्दू शाळेत शिकलेल्या बांधवांनी कोर्टाच्या मराठीला बिचकू नये. दावा, कैफियत, वकीलपत्र, हुकूमनामा, दरखास्त हे सगळे आपल्या ओळखीचे शब्द आहेत. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल व साक्षीदार घेण्याबद्दल आहे. जो व्यापारी तेवढे पाळतो, त्याच्या वकिलाचे अर्धे काम आधीच झालेले असते. आजच आपली खतावणी उघडा, जुन्या बाक्यांच्या तारखा पाहा, आणि ज्यांची मुदत जवळ आली आहे तेवढे कागद घेऊन या आठवड्यात वकिलाला भेटा.