लायमन-आल्फा उत्सर्जक दीर्घिका
विश्वाच्या आरंभीच्या काळातील ज्या दीर्घिकांमधील हायड्रोजन वायू लायमन-आल्फा ही वर्णपटरेषा ठळकपणे उत्सर्जित करतो, त्यांना ही संज्ञा देतात. नवजात, जड ताऱ्यांच्या जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणामुळे भोवतालच्या हायड्रोजन अणूंचे आयनीभवन होते. इलेक्ट्रॉन व प्रोटॉन पुन्हा एकत्र येताना १,२१६ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम = १ सेंमी.चा दहा कोटीवा भाग) तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. अशा दीर्घिका आढळाव्यात, असे भाकीत पार्ट्रिज व पीबल्स यांनी १९६७ मध्ये केले होते. तथापि त्या लक्षणीय संख्येने सापडण्यास १९९०–२००० या दशकाची अखेर उजाडली.

मोजणीची पद्धत : विश्वाच्या प्रसरणामुळे ही रेषा अधिक तरंगलांबीकडे सरकलेली दिसते. ताम्रच्युती ५.७ असल्यास, म्हणजे महास्फोटानंतर सु. १०० कोटी वर्षांनी निघालेला प्रकाश असल्यास, ती सु. ८,१५० अँगस्ट्रॉमला येते. या तरंगलांबीभोवतालचा सु. १०० अँगस्ट्रॉम रुंदीचाच प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्टरमधून घेतलेल्या प्रतिमेत जी दीर्घिका रुंद पट्ट्याच्या प्रतिमेपेक्षा पुष्कळ तेजस्वी दिसते, ती संभाव्य उत्सर्जक होय. फिल्टरच्या रुंदीवरून पाहिलेल्या अवकाशाची खोली ठरते. तिच्यावरून व आकाशक्षेत्रावरून घनफळ मिळते. हवाई बेटावरील ८.२ मी. व्यासाच्या सुबारू दूरदर्शकाने या पद्धतीने विस्तृत सर्वेक्षणे केली आहेत.

मिळालेली संख्या तशीच ग्राह्य धरता येत नाही. जवळच्या दीर्घिकांतील ऑक्सिजन वा हायड्रोजनच्या इतर रेषा त्याच फिल्टरमध्ये येऊ शकतात. त्या वर्णपट घेऊन वगळाव्या लागतात. मंद दीर्घिका निसटतात. त्यांचे प्रमाण ठरविण्यासाठी प्रतिमेत कृत्रिम दीर्घिका मिसळून त्यांपैकी किती ओळखल्या जातात, हे पाहतात. शिवाय दीर्घिका पुंजक्यांनी आढळत असल्याने एकाच लहान क्षेत्रावर विसंबता येत नाही. या शुद्धींनंतर एकक घनफळात कोणत्या दीप्तीच्या किती दीर्घिका आहेत हे सांगणारे दीप्ति-फलन मिळते.

निष्कर्ष : ताम्रच्युती ३ ते ५.७ या काळात हे फलन फारसे बदलत नाही. त्यापूर्वीच्या काळात मात्र, म्हणजे ताम्रच्युती ६.६ ला उत्सर्जकांची संख्या घटलेली दिसते व ७.३ ला ती अधिकच घटते. ही घट सर्वस्वी दीर्घिकांची नव्हे; त्यांच्या अखंड जंबुपार प्रकाशावरून केलेल्या मोजणीत संख्या इतक्या वेगाने घटत नाही. त्या काळी दीर्घिकांमधील अवकाशात उदासीन हायड्रोजन बराच शिल्लक होता. तो नेमका हाच प्रकाश शोषून अन्य दिशांना विखुरतो, त्यामुळे दीर्घिका असूनही तिची ही रेषा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून विश्वातील वायूचे पुनरायनीभवन केव्हा झाले, हे ठरविण्यास न दिसलेल्या उत्सर्जकांची संख्याही उपयोगी पडते. जेम्स वेब दूरदर्शकाच्या वेधांतून ताम्रच्युती १३ च्या एका दीर्घिकेतही ही रेषा आढळल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. यावरून हे आयनीभवन सर्वत्र एकाच वेळी न होता प्रथम काही दीर्घिकांभोवतीच्या बुडबुड्यांसारख्या प्रदेशांत सुरू झाले असावे, या कल्पनेस पुष्टी मिळते.