मोबाइलच्या जमान्यात वायरलेसवर गप्पा मारणारे ‘हॅम’ नेमके असतात तरी कोण?

डिसेंबर 2004. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात, पोर्ट ब्लेअरला मुक्कामाला होते. निमित्त होतं छंदाचं. तिथे वायरलेस सेट लावायचा आणि जगभरातल्या अनोळखी लोकांशी बोलायचं, एवढाच कार्यक्रम. अंदमानातून असं बोलायची परवानगी कित्येक वर्षांनी मिळाली होती. त्यामुळे त्यांच्याशी दोन शब्द बोलायला जगभरातून अक्षरशः रांग लागली होती.

26 डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. बेटांवरचे फोन कोलमडले. भारती प्रसाद यांनी गप्पांचा कार्यक्रम गुंडाळला आणि तोच सेट मदतीसाठी वापरायला घेतला. कोण सुखरूप आहे, कुठे काय हवंय, कोणाच्या घरी काय कळवायचंय, असे निरोप या सेटवरून मुख्य भूमीवर जाऊ लागले. काल-परवापर्यंत जो ‘टाइमपास’ होता, त्याच्या आवाजाची आता लोक वाट बघत होते.

या छंदाचं नाव हॅम रेडिओ. सरकारी कागदावर त्याला अमॅच्युअर रेडिओ म्हणतात, मराठीत हौशी रेडिओ. वरवर पाहिलं तर यात उपयोगाचं काहीच दिसत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

हॅम रेडिओ म्हणजे नक्की काय?

आकाशवाणी किंवा एफएमवर आपण फक्त ऐकतो. हॅम मात्र ऐकतो आणि बोलतोही. त्याच्याकडे स्वतःचा सेट असतो, स्वतःची अँटेना असते आणि सरकारने दिलेला परवाना असतो. मध्ये कुठली कंपनी नाही, सिमकार्ड नाही, रिचार्ज नाही.

प्रत्येक हॅमला एक सांकेतिक नाव मिळतं, त्याला ‘कॉल साइन’ म्हणतात. गाडीच्या नंबर प्लेटवरून जसं राज्य कळतं, तसा कॉल साइनवरून देश कळतो. भारतातल्या बहुतेक कॉल साइन ‘व्हीयू’ने सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हे हॅम होते, त्यांची कॉल साइन होती ‘व्हीयू टू आरजी’.

बोलायची पद्धतही ठरलेली आहे. ‘सीक्यू, सीक्यू’ अशी हाक द्यायची, म्हणजे ‘कोणी आहे का? कोणीही बोला’. निरोप घेताना ‘सेव्हंटी थ्री’ म्हणायचं, म्हणजे शुभेच्छा. संपर्क झाल्याची खूण म्हणून पोस्टकार्डाएवढं एक कार्ड पाठवायचं, त्याला ‘क्यूएसएल कार्ड’ म्हणतात. जुन्या हॅमच्या घरी अशा देशोदेशीच्या कार्डांनी भरलेले खोके निघतात.

मग हे लोक बोलतात तरी काय? तुमच्याकडे हवा कशी आहे, माझा आवाज किती स्वच्छ येतोय, अँटेना किती उंचावर बांधलीय. धंद्याची बोलणी करायला बंदी, गाणी वाजवायला बंदी, राजकीय प्रचाराला बंदी, गुप्त भाषेत निरोप द्यायलाही बंदी. थोडक्यात, ज्यातून काही फायदा होईल असं बरंचसं या छंदात नियमानेच वर्ज्य आहे.

टॉवर नाही, मग आवाज इतक्या लांब जातो कसा?

मोबाइलचा सिग्नल जवळच्या टॉवरपर्यंतच जातो. पुढचा प्रवास केबलमधून होतो. हॅमच्या शॉर्टवेव्ह लहरींचा प्रवास वेगळा. जमिनीपासून साधारण शंभर ते चारशे किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात हवेचे विरळ कण सूर्यामुळे विद्युतभारित झालेले असतात. हा आयनांबराचा भाग. शॉर्टवेव्ह लहरी तिथून वळून पुन्हा जमिनीवर येतात. कॅरमची सोंगटी कडेला आपटून जशी भलत्याच कोपऱ्यात जाते, तशा या लहरी हजारो किलोमीटर लांब जाऊन उतरतात.

हे आयनांबर सूर्याच्या तालावर चालतं. दिवसा एक फ्रिक्वेन्सी चालते, रात्री दुसरी. 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दिवसा साधारण आपल्या आसपासच्या राज्यांशी बोलता येतं, आणि अंधार पडला की तोच पट्टा परदेशांपर्यंत पोचू लागतो. सूर्यावरच्या डागांचं साधारण 11 वर्षांचं चक्र असतं. डाग वाढले की वरच्या फ्रिक्वेन्सीवर लांबचे देश मिळतात, डाग कमी झाले की तेच देश गायब होतात. म्हणूनच मुरलेला हॅम हवामानासोबत सूर्याच्याही बातम्या बघतो.

यासाठी लागणारी अँटेना किती साधी असू शकते? 7.1 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 42 मीटर भरते. तिच्या निम्मी, म्हणजे साधारण 20 मीटर तांब्याची तार घ्यायची, मधोमध तोडायची, तिथे सेटकडून येणारी केबल जोडायची आणि दोन्ही टोकं गच्चीवरून झाडाला बांधायची. झाली अँटेना! सेटची ताकद साधारण 100 वॉट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाइतकी.

‘टाकाऊ’ लहरींची गोष्ट

शॉर्टवेव्हचं हे गुपित हाती लागलं, तेही हौशी लोकांमुळे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तज्ज्ञांची समजूत होती की लहर जितकी लांब, तितका संदेश लांब जातो. त्यामुळे लांब लहरी सरकार, जहाजं आणि कंपन्यांनी घेतल्या. या हौशी पोरांचा कामाच्या संदेशांत अडथळा येतो, अशी तक्रार वाढत होती. टायटॅनिक बुडाल्यानंतर, 1912 मध्ये अमेरिकेने कायदा केला आणि हौशी मंडळींना 200 मीटर व त्याहून आखूड लहरींवर ढकललं. या लहरी कुचकामी मानल्या जात. ज्या कोणालाच नको होत्या, त्या यांच्या वाट्याला आल्या.

कुचकामी म्हटलेल्या त्या लहरींशी हौशी लोक रिकाम्या वेळात खेळत राहिले. डिसेंबर 1921 मध्ये अमेरिकेतल्या हौशी स्टेशनचे संदेश थेट स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. नोव्हेंबर 1923 मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांनी अटलांटिकपार एकमेकांशी दुहेरी संपर्क साधला, तोही 100 मीटरच्या आसपासच्या आखूड लहरीवर. 18 ऑक्टोबर 1924 ला तर कमालच झाली. लंडनच्या मिल हिल शाळेत शिकणाऱ्या सेसिल गॉयडरने पृथ्वीच्या जवळपास दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमधल्या मेंढपाळ फ्रँक बेलशी संपर्क साधला. एकीकडे शाळकरी मुलगा, दुसरीकडे मेंढ्या पाळणारा शेतकरी.

यानंतर शॉर्टवेव्हचं मोल सगळ्यांनाच कळलं आणि पुढे देशोदेशीची रेडिओ केंद्रं याच लहरींवर आली. हा सेसिल गॉयडर मोठा झाल्यावर भारतात आला आणि 1936 मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला. आपल्या आजी-आजोबांच्या रेडिओवर शॉर्टवेव्हवरून जो आवाज यायचा, त्याच्या मुळाशी एका शाळकरी पोराचा छंद होता.

मुंबईशी नातं

छंद म्हणून शिकलेली गोष्ट कधी कुठे कामी येईल, याचं आणखी एक उदाहरण मुंबईतलं आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश सरकारने भारतातल्या हौशी रेडिओवाल्यांना ट्रान्समीटर जमा करायला लावले. ऑगस्ट 1942 मध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप आली. तेव्हा 22 वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. त्याच्या ट्रान्समीटरच्या उभारणीत हात होता नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचा.

42.34 मीटरवर हे केंद्र लागायचं. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून जागा सतत बदलली जायची. अखेर नोव्हेंबर 1942 मध्ये पोलिसांनी छापा घातला. पुढे उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी पुण्याच्या येरवडा तुरुंगात झाली.

संकटात मोबाइल का पडतो आणि हॅम का चालतो?

मोबाइलवरचा एक साधा कॉल लागायला टॉवर उभा असावा लागतो, टॉवरला वीज लागते, तिथून पुढे जाणारी केबल शाबूत असावी लागते आणि पलीकडची सगळी यंत्रणा सुरू असावी लागते. या साखळीतली एक कडी तुटली तरी कॉल लागत नाही. शिवाय आपत्तीत सगळे एकाच वेळी फोन लावतात, त्यामुळे टॉवर वाचला तरी लाइन मिळत नाही.

हॅमची साखळी फक्त दोन कड्यांची: इकडचा सेट आणि तिकडचा सेट. गाडीची बॅटरी, एक तार आणि ती बांधायला झाड किंवा बांबू, एवढ्यावर काम भागतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा, 2001 च्या गुजरात भूकंपात, 2018 च्या केरळच्या पुरात, प्रत्येक वेळी हॅम मंडळी मदतीला होती.

आणि मदत म्हणजे दर वेळी भूकंपच हवा असं नाही. पश्चिम बंगालमध्ये मकरसंक्रांतीला गंगासागरची यात्रा भरते. देशभरातून आलेल्या गर्दीत म्हातारी माणसं हरवतात. अनेकांना स्थानिक भाषा येत नाही, काहींना पत्ताही सांगता येत नाही. तिथल्या वेस्ट बंगाल रेडिओ क्लबची मंडळी अशा माणसांच्या बोलण्यातून गावाचा अंदाज बांधतात, त्या राज्यातल्या हॅमला कळवतात आणि घरच्यांचा शोध लावतात. कित्येक जण असे आपापल्या घरी परतले आहेत.

चंद्रावर आपटून येणारा ‘हॅलो’

संकट नसतं तेव्हा हॅम काय करतात? त्यांची कल्पकता दिसते ती इथेच. काही जण आपला सिग्नल थेट चंद्रावर सोडतात. तो तिथून आपटून साधारण अडीच सेकंदांनी परत येतो आणि दुसऱ्याच खंडातला माणूस तो पकडतो. काही जण जंगलात किंवा शहरात लपवलेला ट्रान्समीटर शोधायची शर्यत लावतात, तिला ‘फॉक्स हंटिंग’ म्हणतात. अगदी क्षीण सिग्नलही कॉम्प्युटरने ओळखता यावा म्हणून 2017 मध्ये ‘एफटी8’ नावाची पद्धत आली. ती बनवणाऱ्या दोघांपैकी एक आहेत भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते जोसेफ टेलर. तेही हॅमच!

हा छंद अवकाशातही पोचलाय. 1983 मध्ये ओवेन गॅरियट यांनी कोलंबिया यानातून पहिल्यांदा पृथ्वीवरच्या हॅमशी गप्पा मारल्या. 2005 मध्ये इस्रोने खास हौशी लोकांसाठी ‘हॅमसॅट’ हा उपग्रह सोडला. त्यातला एक ट्रान्सपाँडर नेदरलँड्सच्या एका विद्यार्थ्याने बनवला होता. जुलै 2025 मध्ये शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकातून भारतीय विद्यार्थ्यांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरूनच.

सुरुवात कशी करायची?

पहिली पायरी फुकट आहे. ‘वेबएसडीआर’ असं सर्च केलं की इंटरनेटला जोडलेले रिसीव्हर सापडतात. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. मोबाइलवरून तो उघडून फ्रिक्वेन्सी फिरवत बसलं की युरोपातल्या हॅमच्या गप्पा ऐकू येतात.

बोलायचं असेल तर परीक्षा द्यावी लागते. केंद्राच्या दूरसंचार विभागामार्फत ती होते. थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे नियम असा अभ्यास असतो. इंजिनीअर असायची गरज नाही, बारा वर्षांच्या मुलांनाही परीक्षा देता येते. परवान्याच्या श्रेणी आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. अर्ज करण्याआधी विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर चालू नियम आणि फी बघून घ्यावी.

आणि एक सावधगिरी. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा सेट आधी घेऊन टाकू आणि परवान्याचं नंतर बघू, असं चालत नाही. विनापरवाना बोलणं हा गुन्हा आहे, आणि चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर बटण दाबलं तर पोलीस किंवा विमानसेवेच्या संभाषणात अडथळा येऊ शकतो.

मग याचा ‘उपयोग’ काय?

घरात कोणी तार ओढत बसलं की हा प्रश्न येतोच. ‘व्हॉट्सॲप असताना हा उद्योग कशाला?’ प्रश्न रास्त आहे. रोजच्या निरोपांसाठी व्हॉट्सॲपच बरं.

पण खरखरीतून क्षीण आवाज ओळखणं, थोडक्यात आणि स्पष्ट बोलणं, अंधारात तार जोडणं, कुठल्या वेळी कुठली फ्रिक्वेन्सी चालेल याचा अंदाज बांधणं, हे संकटाच्या दिवशी शिकता येत नाही. ‘तुमच्याकडे हवा कशी आहे?’ असं शेकडो रात्री विचारून ते अंगवळणी पडतं. भारती प्रसाद यांचा सेट 26 डिसेंबरला चालला, कारण 25 डिसेंबरलाही तो गप्पांसाठी चालूच होता. सेट विकत घेऊन कपाटात ठेवता येतो. त्यावर बोलणारा माणूस मात्र छंदातूनच तयार होतो.

एखादा हॅम वारला की त्याचे मित्र त्याला ‘सायलेंट की’ म्हणतात, म्हणजे शांत झालेलं मोर्सचं बटण. त्याची जागा घ्यायला कोणी आलं नाही, तर रोजच्या जगण्यात काही अडणार नाही. अडेल ते टॉवर बंद पडतील त्या दिवशी.