चुकीच्या पट्टीने अचूक मध्य

घरच्या छोट्या लेथवर काम सुरू केले आणि पहिल्याच महिन्यात मी एक चांगली सळई वाया घालवली. पंपाच्या शाफ्टवर २५ मिलिमीटरचे बेअरिंग बसवायचे होते, सळई होती २६ची. दोन्ही टोकांचे मध्य फुटपट्टीने आणि नजरेने काढले, छिद्रे पाडली आणि सळई दोन सेंटरमध्ये धरून फिरवली. एक बाजू कापली जाई, दुसरी कोरीच राही. मध्य पाऊण मिलिमीटर सरकला होता. अशी चूक व्यासात दुप्पट होते. सगळीकडून साफ होईपर्यंत सळई साडेचोवीसवर आली आणि बेअरिंग तिच्यावर खुळखुळू लागले.

मग मध्य शोधणारी पट्टी घरीच केली. शाळेतली भूमिती आठवा : जीवेचा लंबदुभाजक वर्तुळाच्या केंद्रातून जातो. ३ मिलिमीटर जाड पत्र्यातून इंग्रजी ‘टी’सारखा तुकडा कापायचा. त्याच्या आडव्या डोक्यात सारख्या जाडीच्या दोन पिना ठोकायच्या, त्या खाली बोटाच्या पेराएवढ्या बाहेर हव्यात. त्यांच्यातली फट सळईच्या व्यासापेक्षा कमी असावी, नाहीतर सळई मधून निसटेल. पट्टी सळईच्या तोंडावर ठेवली की दोन्ही पिना तिच्या अंगाला टेकतात. उभ्या दांड्याची एक कड पिनांच्या बरोबर मधून, काटकोनात गेली पाहिजे. सगळी मेख या कडेत आहे. ड्रिल थोडे भरकटतेच, म्हणून आधी पिना बसवायच्या आणि कडेला केसभर धातू जास्त ठेवायचा. कानशीने काढता येते, परत लावता येत नाही.

आता परीक्षा. सळईच्या घासून स्वच्छ केलेल्या तोंडावर मोरचुदाचे पाणी लावा. हो, बागायतदार फवारतात तेच. विषारी आहे, हात धुवायला विसरू नका. तोंडावर तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्यावर ओढलेली रेघ चकचकीत उठते. पहिली रेघ ओढा, पट्टी वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी फिरवून दुसरी, तशीच तिसरी. तिन्ही एका बिंदूत मिळाल्या तर पट्टी बरोबर. नाही मिळाल्या तर मध्ये इवलासा त्रिकोण होतो. गंमत अशी की पट्टी प्रत्येक वेळी तेवढीच चुकते, त्यामुळे खरे केंद्र त्या त्रिकोणाच्या पोटात मधोमध असते. पंच तिथेच ठोकायचा. पट्टी चुकीची, मध्य अचूक!

बारीक सळईवर त्रिकोण लहान आणि जाड सळईवर मोठा येत असेल, तर कड तिरकी आहे असे समजावे. मी दोन संध्याकाळी कानस मारत बसलो. त्रिकोण मोहरीपेक्षा लहान झाला, तेव्हा कानस खाली ठेवली आणि नवी सळई आणायला गेलो.